पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं

टाइमबाई पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा त्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही. माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचं चार मिनिटं पुढे आहे."

मी म्हटलं, "असू द्या बाई. या इमारतीत चार मिनिटांनी कोणाचं काही अडत नाही."

"अडतं," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

मी न्यायालयाच्या मागच्या व्हरांड्यात बसणारा टायपिस्ट. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या आणि भिंतीवर टांगलेला परवाना, जो दरवर्षी नव्याने करून घ्यावा लागतो. सव्वीस वर्षं इथे बसून मी लोकांची भांडणं, घटस्फोट, वाटण्या आणि जामीन टाइप केले. इतक्या वर्षांनी माणूस दुसऱ्याच्या दुःखाने गलबलत नाही, समास सरळ आलाय का तेवढं बघतो. मला सांगायचंय ते टाइमबाईंबद्दल. त्यात मीही येतो आणि चांगला येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको.

टाइमबाई हे त्यांचं डेपोतलं नाव. बस डेपोच्या फाटकाशी काचेची एक केबिन असते. कोणती बस किती वाजता बाहेर पडली आणि किती वाजता परत आली, हे तिथे बसून लिहायचं, हे टाइमकीपरचं काम. बाईंनी ते एकतीस वर्षं केलं. उंच स्टूल, पायाशी दाराच्या फटीतून येणारा वारा आणि काचेला हाताएवढी खिडकी, जिच्यातून ड्रायव्हर आपलं कार्ड आत सरकवायचे. "बाई, दोन मिनिटांचं काय घेऊन बसलात, बरोबर आठ लिहा की," असं कोणी लाडीगोडीने म्हणालं की बाई म्हणायच्या, "आठ वाजता तुम्ही नळावर तोंड धूत होतात," आणि आठ वाजून दोन मिनिटं लिहायच्या. एकदा डेपोच्या मोठ्या साहेबांची जीप उशिरा आली, तर तीही लिहून ठेवली. ड्रायव्हर पाठीमागे त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. मग एकदा एका ड्रायव्हरवर कुणाला तरी धडक देऊन पळाल्याचा आळ आला. त्या वेळी त्याची बस डेपोतच उभी होती, हे बाईंच्या नोंदीवरून सिद्ध झालं. त्यानंतर बोटं मोडणं बरंच कमी झालं.

घर डेपोमागच्या क्वार्टरमध्ये, दोन खोल्यांचं. आई गेली तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या आणि भाऊ सहा वर्षांचा. वडील त्याच डेपोत मेकॅनिक. लग्नाचं विचारायला दोन-तीन ठिकाणची माणसं येऊन गेली, पण प्रत्येकाला भाऊ नको होता आणि बाईंना भाऊ सोडून जायचं नव्हतं, म्हणून तो विषय आपोआप मागे पडला. भावाला त्यांनी वाढवलं, शिकवलं, एका गोदामावर रखवालदार म्हणून चिकटवून दिलं. आणि त्या दिवट्याने एका संध्याकाळी गोदामाची चावी मित्राच्या हातात ठेवली. सकाळी गोदाम रिकामं होतं. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

कैद्यांचे नातेवाईक माझ्यापुढे बसले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आमचा तसा नाही हो. बाईंनी ते म्हटलं नाही. "चावी त्यानेच दिली," त्या म्हणाल्या. "माल जाणार हे त्याला माहीत होतं. पाच वर्षं झाली ती बरोबर झाली. पण पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं."

आता घोडं कुठे अडलं होतं ते सांगतो. अटकेनंतर खटला संपेपर्यंत भाऊ लहान तुरुंगात कच्चा कैदी होता. शिक्षा झाल्यावर त्याला मोठ्या तुरुंगात हलवलं. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा करायचे, असं न्यायाधीशाने निकालात स्वच्छ लिहिलं होतं. मोठ्या तुरुंगाच्या लेखनिकाने तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं वाचलं आणि भाऊ त्यांच्या फाटकातून आत आला त्या दिवसापासून पाच वर्षं धरली. सुटकेची तारीख कळवणारं पत्र बाईंच्या हातात पडलं, तेव्हा त्यांनी केबिनमध्येच पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. चारशे सात दिवस जास्तीचे निघाले. मग रजा टाकून त्या तुरुंगात गेल्या.

लेखनिक म्हणाला, "आमच्या रजिस्टरात तो ज्या दिवशी आला, तिथूनच आम्ही मोजणार ना."

बाई म्हणाल्या, "बस डेपोतून सुटते तेव्हापासून फेरी मोजतात. दुसऱ्या थांब्यावर तुम्ही चढलात म्हणून फेरी तिथून सुरू होत नाही."

लेखनिकाला विनोद वाटला. तो हसला आणि म्हणाला, कोर्टात जा. बाईंनी तरीही तीन पत्रं पाठवली. खरी शिक्षा संपली त्या दिवशी भावाचे कपडे पिशवीत घालून त्या तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. पत्रांचा काहीतरी उपयोग झाला असेल अशी त्यांना आशा होती. संध्याकाळी पिशवी घेऊन परत आल्या. आणखी पाच दिवस उत्तराची वाट बघितली आणि सहाव्या दिवशी भावाचा खटला लढलेल्या वकिलांना धरून माझ्या टेबलाशी आल्या.

माणसाला बेकायदा डांबून ठेवलंय, त्याला समोर आणा आणि कोणत्या हक्काने ठेवलंय ते सांगा, असं विचारायला लावणारा एक अर्ज असतो. बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज. आमच्या आवारात त्याला नुसतं हेबियस म्हणतात. हा सगळ्यात तातडीचा अर्ज, बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, पहिला लागतो. अडचण एवढीच होती, की या भावाचा एक हेबियस आधीच होऊन गेला होता. खटला चालू असताना, त्याला न्यायाधीशापुढे न नेताच कोठडी वाढवली म्हणून, याच वकिलांनी तो केला होता आणि मीच टाइप केला होता. तो फेटाळला गेला. दुसऱ्यांदा हेबियस करायचा तर नवा मुद्दा लागतो. जुनाच मुद्दा घेऊन पुन्हा आलात तर दारातूनच परत पाठवतात. बाईंचा मुद्दा पूर्ण नवा होता, कारण पहिल्या अर्जाच्या वेळी शिक्षाच झाली नव्हती, तर ती संपणार कुठून.

आमच्या धंद्यात कोरी फाइल कोणी उघडत नाही. जुना अर्ज उघडायचा, वेगळ्या नावाने साठवायचा आणि त्याच्यावरच नवा चढवायचा. नावं, पत्ते, न्यायालयाची बिरुदं सगळी तयार मिळतात. बाईंच्या भावाचा जुना अर्ज माझ्याकडे होताच. मी तो उघडला, आतला मजकूर पुसला आणि नवा घातला. बाई शेजारी बसून पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत होत्या. नवव्या परिच्छेदात चारशे सात दिवसांची मांडणी होती. ती त्यांनी तीनदा तपासली आणि एका ठिकाणी महिना चुकला होता तो दाखवला. मग कामाची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

अर्जाच्या वर एक पान लागतं. मुद्द्यांचा गोषवारा, पिवळ्या कागदावर. हे पान शेवटी, दाखल करायच्या वेळी लावायचं अशी रीत आहे. त्याची फाइल वेगळी असते. वकीलसाहेब घाईत होते, अर्ज दाखल करायची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती, मी गोषवारा छापला आणि टाचला. त्यांनी न वाचता सही केली. छापलेला गोषवारा जुन्या अर्जाचा होता. वरची तारीख तेवढी मी बदलली होती.

आता आतल्या लोकांची कामाची तऱ्हा ऐका. दुसरा हेबियस आला की छाननी विभागातला माणूस जुना आणि नवा अर्ज शेजारी शेजारी ठेवतो. पूर्ण अर्ज वाचायला त्याला काय वेड लागलंय? तो पिवळ्याला पिवळं लावून बघतो. शब्दाला शब्द तेच. त्याने 'पूर्वीचाच विषय' असा शिक्का मारला. वर बसलेल्यांनी शिक्का बघितला. अर्ज दाखल झाल्यापासून एक्केचाळीस दिवसांनी, सव्वा मिनिटात फेटाळला.

दोन दिवसांनी बाई निकालाची प्रत घेऊन आल्या. एका पानाचा निकाल. अर्जदाराने पूर्वीचेच मुद्दे पुन्हा मांडले आहेत, नवीन काहीही नाही. बाईंनी ते पान माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "यात चारशे सात कुठे आहे? त्यांनी ते चूक की बरोबर काहीच म्हटलं नाही. असं कसं होईल?"

मी म्हटलं, बघतो. फाइल उघडली. जुन्याच अर्जाचा गोषवारा समोर होता. मला सगळं तिथल्या तिथे कळलं. बाई हातभर अंतरावर बसल्या होत्या. मी कॉम्प्युटरवरची फाइल बंद केली आणि म्हटलं, "वकीलसाहेबांना विचारायला लागेल."

वकीलसाहेबांना मी खरं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "तू तोंड उघडलंस तर तुझा परवाना जाईल आणि माझी अब्रू. आपण अपील करू. न्यायालयाने मुद्दा विचारात घेतला नाही असं लिहू. खोटं आहे का ते? नाही घेतला ना त्यांनी?"

खोटं नव्हतं, हेच तर वाईट. मी मूग गिळून गप्प बसलो. मला मुलीचं शिक्षण दिसत होतं, परवाना दिसत होता, त्या खुर्चीवर दुसरा कोणीतरी बसलेला दिसत होता. तुरुंगात बसलेला माणूस दिसत नव्हता, कारण तो मी कधी बघितलाच नव्हता. अपील मीच टाइप केलं. बाईंनी शेजारी बसून तेही पट्टी ठेवून वाचलं. 'न्यायालयाने नववा परिच्छेद वाचलेला दिसत नाही' या वाक्यावर त्यांनी मान डोलावली. मी मान वर केली नाही.

हेबियस तातडीचा असतो, पण हेबियस फेटाळल्याविरुद्धचं अपील हे अपील असतं. ते अपिलांच्या रांगेत उभं राहतं, शेताच्या बांधाच्या आणि भाडेकरूंच्या अपिलांबरोबर. असा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. करणारा तुरुंगात गेला नसणार. पहिली तारीख लागली तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. बाई मागच्या बाकावर, मी दाराशी. न्यायाधीशांनी फाइल चाळली आणि विचारलं, "पिवळ्या पानावर हा मुद्दा नाही?"

वकीलसाहेब म्हणाले, "नवव्या परिच्छेदात आहे, साहेब."

"मग पिवळ्या पानावर का नाही?"

"माहिती घेऊन सांगतो."

नववा परिच्छेद त्याच फाइलमध्ये होता, चार पानं उलटली की झालं. तिथे तिघे न्यायाधीश होते, दोन वकील होते, खाली बसलेले दोन कारकून होते. चार पानं कोणी उलटली नाहीत. पुढची तारीख पडली.

बाईंनी मात्र 'पिवळं पान' हे दोन शब्द ऐकून ठेवले. दुसऱ्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज केला आणि पूर्ण फाइलची प्रत मागितली. ती मिळायला बरेच आठवडे गेले. मिळाली तशी त्या थेट व्हरांड्यात आल्या. दुपार होती, माझ्यापुढे एक घरमालक बसला होता. त्याला त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा उठा." तो उठला.

"हे पान तुम्ही लावलंत?"

"हो."

"हे जुन्या अर्जाचं आहे."

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

आत्ताच कळलं म्हणायला जागा होती. ते कोणी खोडून काढलं नसतं. पण त्या बाईंसमोर वेळ खोटी सांगणं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "तुम्ही निकाल आणलात, त्याच दिवशी."

"म्हणजे मी याच खुर्चीवर बसले होते."

"हो."

"आणि विचारत होते, चारशे सात कुठे आहे."

"हो, बाई."

त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "मी साडेतीन महिने कोर्टाला शिव्या घालतेय. घरी बाबांसमोर, केबिनमध्ये, रस्त्यात. म्हटलं, शिकलीसवरलेली माणसं, यांना वाचता येत नाही." पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "घाबरलात का?"

"परवाना जाईल म्हणून."

"मग तसं लिहून द्या. घाबरलो म्हणून."

मी प्रतिज्ञापत्र करून दिलं. त्यात मी 'भीतीने गप्प राहिलो' असं लिहिलं होतं. वकीलसाहेबांनी ते खोडून 'अनवधानाने लक्षात आले नाही' असं केलं. मीच ते पुन्हा टाइप केलं आणि सही केली. म्हणजे खरं सांगायला बसलो, तेव्हाही पूर्ण सांगितलं नाही.

प्रतिज्ञापत्राची प्रत द्यायला बाईंच्या घरी गेलो. पोस्टाने पाठवता आली असती, पण गेलो. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून वडिलांची खाट. भिंतीवर डेपोचं जुनं वेळापत्रक. वडील उठून बसले. दाढी वाढलेली, कात्रीने वेडीवाकडी कापलेली. "कोर्टातले का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "आमचा धाकटा कधी येतोय? त्याच्याकडूनच दाढी करून घेतो मी. हिचा हात थरथरतो, ब्लेड लावते आणि डोळे मिटून घेते."

बाई आतून म्हणाल्या, "बाबा, त्यांना चहा घेऊ द्या."

मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "काल मला आईच्या नावाने हाक मारली. दोनदा. धाकट्याचं नाव अजून बरोबर घेतात. डॉक्टर म्हणतात, किती दिवस ते सांगता येत नाही. मला याच्यासाठी घाई आहे. नाहीतर शिक्षा काय, त्याने भोगली असती."

मी म्हटलं, लवकर होईल. या व्हरांड्यात हे वाक्य आम्ही सगळ्यांनाच देतो.

माझ्या प्रतिज्ञापत्राचं पुढे काय झालं ते ऐका, कारण त्याच्याच भीतीने मी साडेतीन महिने एका माणसाला तुरुंगात बसवलं होतं. न्यायाधीशांनी ते वाचलं आणि त्या दिवशीच्या आदेशात एक ओळ घातली: टायपिस्टने यापुढे काळजी घ्यावी. बस. परवाना त्या वर्षीही दरवर्षीसारखाच मिळाला. परवाना देणाऱ्या कारकुनाला माझं प्रकरण माहीतसुद्धा नव्हतं. मी ज्याला भीत होतो, ते तिथे नव्हतंच.

दुसरा अर्ज पहिल्यासारखा नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. आम्हाला वाटलं, झालं. पण मग तुरुंगाला म्हणणं मांडायला सांगितलं. तुरुंगाने वेळ मागितली. पुन्हा मागितली. लहान तुरुंगातून कागद मागवले आहेत, म्हणाले. ते कागद दीड तासाच्या रस्त्यावरून यायला अठ्ठ्याण्णव दिवस लागले. मग तिघांतले एक न्यायाधीश बदलले. नव्यांना फाइल वाचायला वेळ हवा होता. मग दोनदा बोर्डावर नंबरच लागला नाही, दुपारच्या सुट्टीनंतर एक मोठ्या कंपनीचं प्रकरण तास न् तास चाललं. बाई प्रत्येक तारखेला रजा टाकून येत होत्या. रजा संपल्या तेव्हा निवृत्तीला सात महिने असताना त्यांनी नोकरी सोडली. डेपोतल्या ड्रायव्हरांनी निरोप समारंभ ठेवला होता. त्या दिवशी तारीख होती, म्हणून बाई समारंभाला गेल्याच नाहीत.

असं घोंगडं भिजत पडलं असताना तुरुंगाची स्वतःची तारीख उगवली. पहिल्या पत्रात लिहिली होती तीच. त्या दिवशी सकाळी दहा वाजता फाटक उघडलं आणि भाऊ बाहेर आला. न्यायालयाने सोडला नाही, कोणी चूक मान्य केली नाही, लेखनिकाने जे मोजलं होतं ते पूर्ण करून तो बाहेर आला. त्याच्या हातात दाखला दिला: शिक्षा नियमानुसार पूर्ण.

घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा वडिलांची दाढी केली. हे मला भावानेच सांगितलं, पुढे तारखेला भेटला तेव्हा. मान खाली घालून बोलणारा, पोटाशी दोन्ही हात धरून उभा राहणारा माणूस. म्हणाला, "बाबा शांत बसून राहिले. दाढी झाल्यावर हात फिरवून बघितला आणि म्हणाले, छान करता तुम्ही. आमचा धाकटाही अशीच करायचा. तो आत आहे, तुमची कोणाशी ओळख आहे का?"

त्याने विचारलं होतं ताईला, कधीपासून असं. बाईंना तारीख माहीत होती. सुटकेच्या दोन महिने आधीपर्यंत वडील त्याचं नाव घेत होते.

मी मनातल्या मनात आकडेमोड केली. करायला नको होती. अपिलाची शेवटची तारीख सुटकेनंतर नऊ दिवसांनी लागली होती. मी गप्प बसलो ते एकशे बारा दिवस मधून काढले, तर तीच तारीख किती आधी आली असती, हे कोणालाही जमेल असं गणित आहे. वडील तेव्हा त्याला ओळखत होते.

त्या शेवटच्या तारखेला नंबर लवकर लागला. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, कैदी सुटलेला आहे. आमच्या वकीलसाहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात बाई मागच्या बाकावरून उभ्या राहिल्या. शिपाई धावला, पण मधल्या न्यायाधीशांनी हात करून थांबवलं. माणूस वाईट नव्हता तो.

"साहेब," बाई म्हणाल्या, "त्याला पाच वर्षांची शिक्षा होती. त्याने सहा वर्षं बेचाळीस दिवस भोगली. ते बरोबर होतं की चूक, एवढं एक वाक्य लिहून द्या. दुसरं काही नको."

"बाई, तुमचा भाऊ घरी आला ना?"

"आला."

"मग आता आम्ही कोणाला समोर आणा म्हणून सांगायचं?"

बाईंनी भावाकडे बघितलं. तो शेजारीच बसला होता. त्याने त्यांचा पदर धरून खाली ओढला. "ताई, बस ना. झालं आता."

अर्जदाराची सुटका झालेली असल्याने अपिलात काही उरलेले नाही, असा निकाल झाला. आत असताना चार पानं उलटायला कोणाला वेळ नव्हता आणि बाहेर आला म्हणून आता उलटायची गरज नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी कोणावर चिडायचं? माझ्या टेबलावर तोच कॉम्प्युटर होता आणि त्यात तीच फाइल.

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा व्हरांड्यात आल्या. म्हटलं, आता कसला अर्ज? त्यांनी पर्समधून एक कागद काढला. रेघा आखलेला, सुवाच्य अक्षरातला. वर लिहिलं होतं, उशीर आणि कारण.

"डेपोत गाडी उशिरा आली की हा कागद भरतात," त्या म्हणाल्या. "गाडी बिघडली तो दोष वेगळा, तो वर्कशॉप बघतं. उशीर वेगळा. ज्याच्यामुळे जितका झाला, त्याने तितक्यासमोर सही करायची. शिक्षा नसते त्याला. नुसती सही असते. मोजायला चुकला तो लेखनिक. पण चारशे सात दिवस उशीर त्याने एकट्याने केलेला नाही."

मी वाचलं. न्यायालय, एकशे एक्क्याण्णव. तुरुंग, अठ्ठ्याण्णव. वकील आणि टायपिस्ट, एकशे बारा. आणि अगदी वर, बहीण, सहा. त्या सहांसमोर त्यांची सही झालेली होती.

"हे सहा कसले?" मी विचारलं.

"मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. नंतर उत्तराची वाट बघत बसले. अर्ज आधीच तयार ठेवायला हवा होता."

"वकीलसाहेबांकडे गेला होतात?"

"असल्या कागदाला कायद्यात जागा नाही म्हणाले. तुरुंगातला लेखनिक म्हणाला, वरच्या साहेबांना विचारावं लागेल. कोर्टात कोणाकडे द्यायचा ते मला कळलं नाही."

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी एकशे बारासमोर सही केली. त्यांनी तारीख घालायला सांगितली, ती घातली. कागद नीट बघून त्यांनी घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि आभार न मानता निघून गेल्या. त्या सगळ्या प्रकरणात, हे माझ्यामुळे झालं असं म्हणणाऱ्या सह्या दोनच आहेत, आणि त्यातली एक त्यांची आहे, सहा दिवसांची.